शनिवारचं वाक्य

"सर, पंखा बंद करू का? वारा खायला आपण दोघंच आहोत," वाचनालयाच्या शिपायाने दारातून विचारलं.

सरांनी फळ्यावर नुकताच शब्द लिहिला होता : काउंटर-अट्रॅक्शन. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी ते इथे मोठ्या माणसांना इंग्रजीतले दुर्मिळ शब्द शिकवत. एका दिवशी एकच शब्द. पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने त्याचं वाक्य करून आणायचं, तेही स्वतःच्या आयुष्यातलं. उसनं वाक्य सरांना चालत नसे. गेल्या खेपेचा शब्द होता सायनोशर, म्हणजे सगळ्यांच्या नजरा जिच्यावर खिळतात ती व्यक्ती. त्याचं वाक्य घेऊन कुणी फिरकलंच नाही.

"समोरच्या हॉलात मोठ्या पडद्यावर मॅच लावतात हल्ली. तुमचे सगळे तिकडेच. आजचा शब्द काय म्हणतोय?"

"आपल्याकडे निघालेल्या माणसांना जे मधल्यामधे ओढून नेतं, ते."

"मग मॅचच की, सर!"

"बरोबर," सर म्हणाले. त्यांना हसण्याचासुद्धा कंटाळा आला होता. "खोली देऊन टाका दुसऱ्या कुणाला. मी काही आता येत नाही."

फळा त्यांनी स्वतः पुसला. वाटेत त्यांना बायकोची आठवण झाली. "एखादा शनिवार घरी थांबा ना," ती सुरुवातीला म्हणायची, आणि ते चपला घालता घालता म्हणायचे, "लोक वाट बघतात गं." पुढे तिने विचारणंच सोडलं. तिला पटलं असेल, असं ते धरून चालले होते. आता सगळे शनिवार तिचेच, या विचाराने ते जिना जरा भरभर चढले.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या उघड्या दारातून हसणं ऐकू आलं. ते आपल्या बायकोचं आहे हे कळायला त्यांना वेळ लागला.

आत चौघीजणी पत्ते खेळत होत्या. तिघींचे डोळे तिच्या हाताकडे. तिने एक पान उचललं, मुद्दाम रेंगाळवलं आणि खाडकन टाकलं.

"अगं बाई, परत हिचाच डाव!" शेजारीण ओरडली.

सर उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सायनोशरचं वाक्य त्यांना सापडलं होतं, आणि आत कुठेतरी फार दुखलं.

"अहो, तुम्ही? बरं नाही का?" बायको अर्धवट उठली.

"बरा आहे. वर्ग बंद केला. कायमचा."

तिने हातातले पत्ते मिटले. "येते मी. चहा टाकते."

"भाऊजी, शनिवारी वहिनी आमच्या हं!" शेजारीण म्हणाली, आणि बोलून गेल्यावर ओशाळली.

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"तू खेळ," ते म्हणाले. "लोक वाट बघतायत."

त्यांनी आपल्या किल्लीने कुलूप काढलं, चहा केला, दोन कपांत ओतला. एकावर बशी झाकली. दार मात्र उघडंच ठेवलं, पलीकडचं हसणं ऐकू यावं म्हणून.