कळ दाबण्याचा मुहूर्त

मिरजगावच्या बाहेर हायवेला लागून आमची सीनाकाठ डेअरी आहे. आमची म्हणजे आप्पासाहेबांची. मी त्यांचा थोरला चुलतभाऊ. सायकलला कॅन बांधून दूध गोळा करायला आम्ही दोघांनी बरोबरच सुरुवात केली. पुढे ते चेअरमन झाले आणि मी गेटजवळच्या खुर्चीत बसू लागलो. माझी तक्रार नाही. गेटवरून सगळी डेअरी दिसते, चेअरमनच्या केबिनमधून फक्त चेअरमन दिसतो.

या डेअरीत मध्यंतरी एक शहाणपणाचं काम झालं. ते आप्पासाहेबांच्या मुलीनं, रेश्मानं केलं, म्हणून घरात बराच काळ कोणाच्या लक्षात आलं नाही. दूध थंड ठेवायचं, त्याची पावडर करायची म्हणजे गिरणीत दाणे जावेत तशी वीज जाते. रेश्मानं सौर आणि पवन वीज विकणाऱ्या कंपन्यांकडून दर मागवले, त्यांना एकमेकींशी झुंजवलं आणि आधीपेक्षा स्वस्त दरात वीज पक्की केली. शिवाय ती वीज खरोखर सूर्याची आणि वाऱ्याचीच आहे असा दाखला मिळणार होता. हा दाखला महत्त्वाचा होता. पुण्याच्या एका चॉकलेट कंपनीला दुधाची पावडर हवी होती, पण अशा विजेवर बनलेलीच.

आप्पासाहेबांनी घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "ही कंपनी आली तर डेअरीचा कारभार रेश्माकडं. न्हाई आली तर रविराज बघंल."

रविराज हा रेश्माचा धाकटा भाऊ. तो काय करतो असं कोणी विचारलं, तर वाढदिवस करतो असं सांगावं लागेल. स्वतःचे आणि पुढाऱ्यांचे. हायवेवर फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो. पाट्या वाचायची सवय मला उशिरा लागली, त्यामुळे ती अजून सुटलेली नाही. मी त्याचे सगळे फ्लेक्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेले आहेत. एकावरही त्यानं काय काम केलं ते सापडलं नाही.

तर महिन्याच्या एक तारखेला वीज बदलली. आणि काहीच झालं नाही. तीच तार, तेच खांब, तोच ट्रान्सफॉर्मर. मशिनं कालच्यासारखीच घुमत होती. कोणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. आप्पासाहेबांना नेमकं हेच सहन होईना.

दूध घालायला आलेली झुंबरबाई गेटवर उभी राहून म्हणाली, "आप्पासाहेब, हिरवी ईज आली म्हनं. मंग आता दूध बी हिरवं निघंल का?"

रांगेतले सगळे हसले. आप्पासाहेब केबिनमध्ये गेले आणि रेश्माला बोलावलं. मीही मागोमाग गेलो.

"लोक म्हनत्यात, चेअरमननं नुसता कागद इकत घेतला. दिसाया नको का काही?"

"आप्पा, दिसणार काय त्यात?" रेश्मा म्हणाली. "आपण मिरजगावात दूध घालतो आणि शिर्डीतला हॉटेलवाला पिशवी घेतो. त्या पिशवीत झुंबरबाईच्याच म्हशीचं दूध असतं का? नसतं. पण जेवढं घातलं तेवढं निघतं, आणि त्याचा हिशेब असतो. विजेचं तसंच आहे. आपण वापरू तेवढी सोलापूरकडचे सौर पॅनल आपल्या नावानं लाइनीत घालतात."

आप्पासाहेबांना पटलं. एवढं सोपं होतं की पटणं भागच होतं. पण पटल्यानं त्यांचं समाधान होत नाही, कार्यक्रमानं होतं. आमच्या भागात बोअरला पाणी लागलं तरी ते नारळ फुटेपर्यंत पाणी धरत नाहीत. रस्त्यावरून वर्षभर गाड्या धावतात, मग एक दिवस फीत कापतात आणि त्या दिवसापासून रस्ता सुरू झाला असं म्हणतात.

"कार्यक्रम करू," केबिनमध्ये आधीच येऊन बसलेला रविराज म्हणाला. "माजी सभापती भागवतराव कळ दाबतील. पुन्याची मॅडम त्याच दिवशी करार करायला येनार हाय, तिच्या डोळ्यांदेखत."

"कळ कसली?" रेश्मानं विचारलं. "वीज एक तारखेपासून सुरू आहे."

"म्हनूनच तर. आधी बंद करायची, मग भागवतरावांनी कळ दाबली की चालू."

"चालू असलेली वीज बंद करून चालू करायची?"

"ताई, तुला लोकांतलं काही कळत न्हाई."

रेश्मानं वडिलांकडं पाहिलं. "आप्पा, मेनला हात लावायचा नाही. कार्यक्रम करा, भाषणं करा, जेवण घाला. मशिनं बंद करायची नाहीत."

आप्पासाहेबांनी मान हलवली. ती मान मी लहानपणापासून ओळखतो. ती वरून खाली हलते, पण होकार तिच्यात नसतो.

कार्यक्रमाच्या दिवशी डेअरीच्या अंगणात मांडव पडला. पंखे लागले. स्टेजमागे 'हरित ऊर्जा' ही अक्षरं दिव्यांनी बनवलेली होती. संगमरवरी पाटी आधीच कोरून आणली होती आणि तिच्यावर पडदा सोडला होता. टेबलावर लाल रंगाची एक मोठी कळ होती. तिची वायर टेबलाखाली जाऊन तिथंच संपत होती. मी वाकून बघितलं. कळीचा कशाशीही संबंध नव्हता. रविराजनं खूण केली की पॅनलरूममध्ये वायरमन गनीभाईनं मेन पाडायचा, आणि भागवतरावांनी मान खाली घातली की गेटजवळ उभ्या पोरानं हात वर करायचा आणि गनीभाईनं मेन चढवायचा, असा बेत रविराजनं परस्पर ठरवला होता.

पुण्याहून सबिहा नावाची अधिकारी बाई आली होती. तिला फेटा बांधायला तीन माणसं धावली. तिनं फेटा हातात घेतला, मांडीवर ठेवला आणि रेश्माशी बोलत बसली. दोघींचं बोलणं नीट चाललं होतं. दाखले तिनं आधीच तपासले होते. म्हणजे खरं तर काम झालंच होतं, चहा पिऊन सही करायची बाकी होती. पण सही ही गोष्ट भाषणाआधी करायची आमच्याकडं पद्धत नाही.

भागवतराव बोलायला उभे राहिले. सूर्यदेवापासून सुरुवात करून ते हळूहळू स्वतःपर्यंत आले. मग कळीपाशी गेले. रविराजनं गेटकडं खूण केली.

पंखे थांबले. मागची अक्षरं विझली. आत घुमणाऱ्या मशिनांचा आवाजही गेला. इतक्या वर्षांत तो आवाज कोणी मुद्दाम बंद केलेला मी ऐकला नव्हता. रेश्मा ताडकन उठली.

"मेन कोणी पाडला?"

"बस गं," आप्पासाहेब दातांतून म्हणाले.

भागवतरावांनी बोट उचललं, फोटोवाल्याकडं वळले, हसले. बोट कळीपासून वीतभर लांब असतानाच पलीकडच्या शेडमधून धडधड सुरू झाली आणि पंखे फिरायला लागले. 'हरित ऊर्जा' लखलखली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यानं एक तुतारीही फुंकली.

"आरं, म्या अजून दाबलंच न्हाई," भागवतराव माइकवर म्हणाले.

"दाबा, दाबा," रविराज म्हणाला.

त्यांनी दाबलं. काहीच झालं नाही. रविराजनं माइक ओढून घेतला. "मंडळी, हीच ती हिरवी वीज! धूर न्हाई, कोळसा न्हाई!"

तेवढ्यात शेडच्या पाइपातून काळ्या धुराचा लोट निघाला. वारा मांडवाच्या दिशेनं होता. धूर फेट्यांवरून, पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या कपड्यांवरून आरामात पसरला. डिझेलचा वास पेढ्यांच्या ताटांपर्यंत गेला. वीज गेली की आमचा जनरेटर आपोआप सुरू होतो. डेअरीत हे सगळ्यांना माहीत आहे, चहावाल्यालाही. फक्त शुभारंभाच्या दिवशी ते कोणालाही आठवलं नाही.

झुंबरबाई मागून ओरडली, "आप्पासाहेब, हिरवी म्हनलात, ही तर काळी निघाली!"

सबिहा उठून सरळ शेडमध्ये गेली. तिच्यामागं रेश्मा, आप्पासाहेब, मी, आणि खोकत खोकत भागवतराव. गनीभाई शेजारच्या पॅनलरूममधून येऊन दारातच उभा होता, पोराच्या लग्नात उभा राहावा तसा.

"मॅडम, आपली मशीन लाइनीपेक्षा इमानदार हाय. लाइट गेली की लगेच उठती."

"लाइट गेली कशी?" सबिहानं विचारलं.

"रविदादा बोलले मेन पाडा, मी पाडलं. मग पंखे आपोआप फिरले म्हनून पोरानं हात वर केलाच न्हाई. जनरेटरचं कुनी काय बोललंच न्हाई."

सबिहा आप्पासाहेबांकडं वळली. "तुमची डेअरी सध्या कशावर चालते? मला कागदावर एक दिसतंय, इथं दुसरं."

आप्पासाहेबांनी रेश्माकडं पाहिलं, डोळे बारीक केले. गप्प राहा, हा त्याचा अर्थ. मग म्हणाले, "लाइनीत अचानक फॉल्ट आला, मॅडम. योगायोग."

रेश्माचं सगळं त्या क्षणात होतं. वडिलांचं खोटं उचलून धरलं तर कंपनीचा विश्वास उडेल, खरं बोललं तर वडील उडतील.

"फॉल्ट नाही," ती म्हणाली. "एक तारखेपासून डेअरी सौर विजेवर चालते आहे. बदल कोणाला दिसला नाही, म्हणून तो दाखवायला यांनी वीज बंद केली. आता चाललंय ते डिझेल. गनीभाई, मेन चढवा. आत दूध आहे."

गनीभाईनं मेन चढवला. जनरेटर गपगार झाला. धूर विरला. पंखे फिरतच होते. आता खरी वीज आली होती, आणि पुन्हा कोणालाही काही दिसलं नाही.

"माझं नाक कापलंस," आप्पासाहेब म्हणाले. "तालुक्यासमोर. उद्यापासून रविराज बसंल."

"त्यांना बसवा," सबिहा शांतपणे म्हणाली. "पण मग आमची सही होणार नाही. दाखले खरे आहेत हे मला माहीत आहे. ज्यांनी ते मिळवले, त्या जबाबदार राहणार असतील तर मी सही करते. आणि जनरेटर जेव्हा जेव्हा चालेल, तेव्हा तसं कळवायचं. आजचंही."

"आजचं आत्ताच कळवते," रेश्मा म्हणाली.

नाक आणि चॉकलेट कंपनी यांत आप्पासाहेबांनी कंपनी निवडली. आजवर त्यांनी नाकावर कधी फार खर्च केलेला नाही, फक्त त्याचा उल्लेख जास्त. सही शेडमध्येच झाली, एका तेलाच्या डब्यावर कागद ठेवून. फोटो काढायला कोणी नव्हतं, कारण फोटोवाला भागवतरावांना घेऊन हात धुवायच्या नळावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब हार घेऊन केबिनमध्ये आले. गुरुजींना विचारून रेश्माला खुर्चीत बसवायचा मुहूर्त काढू म्हणाले. ती सकाळपासून खुर्चीतच होती, फोनवर दूध टँकरवाल्याला झापत होती. हार टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून ते निघाले.

संगमरवरी पाटीचा प्रश्न राहिला. 'माजी सभापती भागवतराव यांच्या शुभहस्ते हरित विजेचा शुभारंभ', खाली तारीख. फोडायची म्हटलं तर भागवतराव रागावतील, गेटवर लावायची म्हटलं तर झुंबरबाई हसेल. रविराजनं विचारलं, "ताई, कुठं लावू?"

"त्या दिवशी जे सुरू झालं, ते जिथं सुरू झालं, तिथं लाव," रेश्मा म्हणाली.

पाटी जनरेटरच्या शेडवर लावली आहे. गनीभाई ती रोज ओल्या फडक्यानं पुसतो. भागवतराव हायवेवरून जाताना गाडी थांबवतात, पाटीजवळ उभे राहतात आणि फोटो काढून घेतात.