ड्रमचा लाल रंग

“दत्तोबाकाका, तुम्ही नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड ओळखता म्हणे. खरं, की नुसती फेकाफेक?”

प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या रश्मी आणि वर्षालीनं पैज लावली होती, की हे त्यांच्या तोंडावर विचारून दाखव. दहावीत गेल्यापासून मला कुणाची म्हणजे कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती, त्यामुळे विचारलं. तळवड्याच्या आमच्या ट्रकच्या गॅरेजात, पप्पांच्या देखत, भर दुपारी.

दत्तोबाकाका बावीस वर्षं पप्पांकडे मिस्त्री. आम्ही उदगीरहून आलेलो, ते इथल्याच जुन्या गावातले. त्यांनी शांतपणे हात पुसले.

“फेकतोय का न्हाई ते तूच बघ की. चाकाच्या एका फेऱ्याला आवाज एकदाच येतोय का, ते आधी मोजायचं. मग ब्रेक दाबल्यावर जातोय का, ते बघायचं. मग तोंड उघडायचं. तुझं आधी तोंडच चालतंय.”

सगळे हसले, मीही हसले. आणि त्या दिवसापासून शाळा सुटली की मी थेट गॅरेजात.

पान्याला हात लावायची मला बंदी होती. “रंग दे हवा तर,” पप्पा म्हणायचे. ब्रेकचं काम झालं की चाकाच्या रिममागचे लोखंडी ड्रम लालभडक रंगवून द्यायचे, ही आमच्या गॅरेजची खासियत. रिमच्या भोकांतून लाल दिसलं की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं, असं पप्पांचं म्हणणं.

त्या गुरुवारी संघर्षदादाचा ट्रक आला होता. चाकणच्या कंपन्यांचा माल नेतो तो. मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर बदलून झाले आणि ड्रम माझ्या ताब्यात आले. काय रंगवले म्हणून सांगू! दोन-दोन हात दिले, बोटभर जागा सोडली नाही. रिम जिथं ड्रमला टेकते ते सपाट तोंडसुद्धा लाल.

काका आले आणि थबकले. “आगं, जिथं रिम बसती त्या तोंडाला रंग कशापायी? हे खरवडाया लागंल.”

“राहू द्या हो दत्तोबा,” पप्पा म्हणाले. “पोरीनं हौसेनं केलंय. गाडी चारला द्यायचीय.”

काकांनी रिम चढवली. रंग अजून हाताला चिकटत होता. पान्याला लांब पाइप लावून, त्यावर उभं राहून त्यांनी एकेक नट आवळला. मी शेजारीच उभी होते, फोटो काढून ग्रुपवर टाकत.

रविवारी संघर्षदादा परत आला. गाडी गेटातून आत येतानाच ऐकू आलं. खटक. खटक. खटक. मी पळत जाऊन मागच्या डाव्या चाकाबरोबर चालले आणि मोजलं. एका फेऱ्याला एक!

“दादा, ब्रेक दाब!”

दाबला. गाडी थांबेपर्यंत आवाज तसाच.

“काका, लायनरचा नाही हा!” मी ओरडले. पेपर सोपा आल्यासारखा आनंद झाला होता मला.

काकांनी वाकून नटांना हात लावला. तीन नट नुसत्या बोटांनी फिरले.

संघर्षदादाच्या तोंडचं पाणीच पळालं. “मोशीच्या चौकात चाक निघालं असतं तर? माझ्या मागं माणसांनी भरलेली बस होती राव!”

पप्पा वळले. “दत्तोबा, नट आवळायचे विसरलास?”

बावीस वर्षांत पप्पा त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे करत होते.

“आवळले हायती मी. समदे.”

“मग सैल कसे झाले? भुतानं केले?”

काकांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. मग मान खाली घालून म्हणाले, “वय झालं आसंल माजं.” डब्याची पिशवी सायकलला अडकवली आणि निघाले. पप्पांनी थांबवलं तर नाहीच, वर संघर्षदादाला ऐकवलं, “आजपासून कामावरून बंद केलं याला. तुमच्यासमोर.”

आणि मी? कुणालाच न घाबरणारी मी? शेजारी उभं राहून एकेक नट आवळताना बघितलेली मी? नुसती उभी राहिले.

सगळे नट पप्पांनी स्वतः आवळले. बुधवारी गाडी पुन्हा दारात. खटक. खटक. तेच चाक. या वेळी मोजायलाही नको वाटलं.

जॅक लावून रिम काढली. ड्रमच्या तोंडावरचा माझा लाल रंग रिमखाली चुरडला होता, खपल्या धरून सुटला होता. मधूनमधून लोखंड चमकत होतं. रंग जेवढा झिजला तेवढी फट पडली, आणि तेवढे नट सैल झाले. कुणी कितीही आवळले असते तरी झालेच असते. मला हे कळायच्या आधी पप्पांना कळलं असावं. त्यांनी खपल्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता तारेचा ब्रश पुढं केला.

“घास.”

“पप्पा, काका म्हणाले होते की खरवडा...”

“घास म्हणलं ना.”

मी घासत बसले. डोक्यावर बोलणं चाललेलं. “म्हाताऱ्यानं त्या दिवशी बोल्टच खराब करून ठेवलेत,” पप्पा संघर्षदादाला सांगत होते. तो म्हणाला, “बरं झालं काढलंत त्याला.” आणि त्या रविवारच्या काकांच्या नजरेचा अर्थ मला तिथं, चाकाखाली बसून कळला. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझं नाव घ्यायला लागू नये म्हणून त्यांनी स्वतःचं वय पुढं केलं होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत रश्मी डबा उघडत म्हणाली, “अगं विजू, तुमचे ते काका आमच्या मामाच्या गॅरेजात काम मागायला आले होते. मामा नको म्हणाला. नट विसरतात म्हणे. गॅरेजांच्या अख्ख्या लाइनीत बोभाटा झालाय.”

मी माझा डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी घरी विषय काढला. आई भाकरी थापत होती. “जाऊ दे ना विजू. म्हातारा माणूस, बसंल आता नातवंडं खेळवत.”

“मिस्त्री दुसरा मिळतो,” पप्पा ताटावरून म्हणाले. “गॅरेजचं नाव गेलं तर परत मिळत नाही.”

“आणि काकांचं?”

“तू अभ्यासाचं बघ. परीक्षा आलीय.”

मी ताटावरून उठले.

“उद्या मी शाळेत जाणार नाहीये. सकाळी काकांच्या घरी जाणार, त्यांची माफी मागणार. मग रश्मीच्या मामाकडं, आणि मग लाइनीतल्या प्रत्येक गॅरेजात. रंग मी दिला होता, हे सांगणार. काका खरवडा म्हणाले होते, हेही सांगणार. संघर्षदादाला आत्ताच फोन लावतेय. ‘राहू द्या’ कोण म्हणालं, ते सगळे विचारतीलच. तेव्हा तुमचं नाव घेणार, पप्पा.”