बारा वर्षांचा पट्टा

मित्रांनो, मी वाचनालयातला एक जुना तारखेचा शिक्का आहे. माझ्या पोटात तीन रबरी पट्टे आहेत: दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा. दिवस आणि महिने फिरून फिरून येतात. वर्षाच्या पट्ट्यावर मात्र कारखान्याने बाराच वर्षं कोरली.

कोणी पुस्तक न्यायला आलं, की ग्रंथपालबाई मला शाईच्या गादीवर टेकवून पुस्तकातल्या चिठ्ठीवर परतीची तारीख उठवत. "ठसा असावा तर असा!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मी फुलून जाई. पण दर वर्षी बाई वर्षाच्या पट्ट्याचं चाक एक घर पुढे सरकवत, तेव्हा मी उरलेली घरं मोजी. यंदा शेवटचं घर. त्यात पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची. म्हणजे डिसेंबर निम्मा सरतो न सरतो, तोच परतीची तारीख पुढच्या वर्षात जाणार. माझं वर्ष सगळ्यांच्या आधीच संपणार होतं!

अशातच बाईंची भाची आली. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ती वाचकांच्या पिढ्या लावत होती. जन्मसाल विचारायचं आणि रेडिओ पिढी, कॅसेट पिढी, केबल पिढी किंवा मोबाइल पिढी असं लिहिलेल्या खोक्यात कार्ड टाकायचं. मला पाहून ती म्हणाली, "मावशी, हा केबल पिढीच्या खोक्यात शोभेल. नाहीतरी ह्याचं संपलंच ना?"

बाई हातातल्या चिठ्ठ्या लावत राहिल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सतरा डिसेंबरला सकाळी पुस्तक न्यायला पहिले आले ते शिंपीमास्तर. भाचीने जन्मसाल विचारलं आणि ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही रेडिओ पिढी."

"अगं, रेडिओ शेजाऱ्यांकडे होता. आमच्याकडे शिलाई मशीन होतं. त्याचं खोकं कुठंय?"

भाची हसली. मास्तर हसले नाहीत.

"वाचायला मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, इथंच, ह्या बाईंकडे. आपलं आपण पहिल्यांदा काय वाचलं, माहितीये? चिठ्ठीवरची तारीख, ह्याच शिक्क्याची. लिहायचंच असेल, तर मला ह्याच्या पिढीचा लिही."

भाचीने रेडिओच्या खोक्याकडे नेलेलं कार्ड मागे घेतलं. इतक्यात बाईंनी मला उचललं आणि चाक फिरवलं. शेवटच्या वर्षापुढे नुसतंच कोरं रबर होतं. मी जीव मुठीत धरला. चिठ्ठीवर 'एक जानेवारी' उमटलं, पुढे काहीच नाही.

बाईंनी मास्तरांपुढे पेन ठेवलं. "वर्ष तुम्ही घाला."

कापड बेतावं तसं जपून मास्तरांनी चार आकडे लिहिले. भाचीने त्यांचं कार्ड कुठल्याच खोक्यात टाकलं नाही.

मित्रांनो, नवा शिक्का आणायचं बोलणं चालू आहे, तेव्हा माझी धाकधूक काही गेलेली नाही. पण एक मागणं मागतो. कोणाला अमुक पिढीचा म्हणून खोक्यात घालण्याआधी त्याला विचारा, तुमच्या घरी काय होतं? आणि त्याच्या पुढची जागा कोरी दिसली, तर त्याच्या हातात पेन द्या.