पाठ केलेला अनुभव

सकाळी दहा वाजता हॉटेलच्या धुलाई विभागातली इस्त्रीवाली स्वागतकक्षाच्या जागेसाठी मुलाखतीला बसली. वाफेने तिचा दमा बळावला होता; डॉक्टरांनी इस्त्री बंद म्हणून सांगितलं होतं. ही जागा मिळाली नाही, तर हॉटेलची नोकरीच सोडावी लागणार होती.

इंग्रजी तिला येत होतं, पण मराठीवरून बेतलेलं. रस्त्यावर मोठी गर्दी म्हणून ‘बिग ट्रॅफिक’ म्हणायची. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, मात्र भावकीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. आदल्या रात्री भाजी निवडता निवडता त्यांनी सुनेला शब्दांच्याही जोड्या लावून संसार मांडून दिला होता.

“ट्रॅफिकच्या गळ्यात कोण?”

“हेवी.”

“आणि स्ट्राँग?”

“स्ट्राँग चहाकडे दिलाय, आई.”

“चांगलं घर मिळालं. तापाला?”

“हाय.”

“घरात पोपटासारखी बोलतेस. तिथे दातखीळ बसू देऊ नकोस म्हणजे झालं.”

दातखीळ बसली नाही. यायला त्रास झाला का, असं मॅनेजरबाईंनी इंग्रजीत विचारलं. ‘हेवी ट्रॅफिक’ बिनचूक आलं. पुढचा प्रश्न अनुभवाचा. जिभेवर तयार होतं तेच बाहेर पडलं: ‘व्हास्ट एक्सपीरियन्स’, म्हणजे दांडगा अनुभव. मॅनेजरबाईंनी मान डोलावली आणि ते लिहूनही घेतलं. इस्त्रीवालीने त्या लिहिलेल्या शब्दांकडे पाहिलं. स्वागतकक्षाच्या काउंटरमागे ती एकदाही उभी राहिली नव्हती.

“मॅडम, ते खोडा,” ती मराठीत म्हणाली. “पाठ केलेलं तोंडून गेलं. काउंटरचा अनुभव मला नाही.”

“मग चिडलेला पाहुणा अंगावर आला तर काय कराल?”

“शर्ट जळाला की पाहुणा माझ्यावरच येतो ना. आधी त्याला मनसोक्त ओरडू देते. मग भरपाई कशी मिळेल ते सांगते. पुष्कळदा जाताना तोच सॉरी म्हणतो.”

“हेच इंग्रजीत सांगा.”

तिने अडखळत सांगितलं. दोन-तीन जोड्या भलत्याच लागल्या. मॅनेजरबाईंनी मध्ये टोकलं नाही, हसू मात्र दाबलं.

घरी हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “लोक स्थळ बघताना मुलीचं वय चोरतात. तू तर चोरलेलंही परत करून आलीस.”

“खोटं किती दिवस टिकलं असतं, आई?”

“टिकलं नसतंच,” सासूबाई म्हणाल्या आणि तिचं ताट वाढायला उठल्या.

दुपारी हॉटेलातून फोन आला. सोमवारपासून आठवडाभर काउंटरवर उभं राहून काम शिकायचं. जागेचा निर्णय त्यानंतर. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणालाही असा फोन गेल्याचं ऐकिवात नव्हतं, म्हणजे आशा होती; पण इस्त्रीच्या टेबलावर नवीन माणूसही नेमलेला नव्हता, म्हणजे पक्कं काहीच नव्हतं.