नवव्या प्रश्नाला ‘हो’

“पुढचा वाच,” पप्पा म्हणाले.

“आठ. गेल्या वर्षभरात तुमच्यावर कोणता गुन्हा दाखल झाला आहे का?”

“मम्मीला विचार.”

“झाला असता तर मीच केला असता,” मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. “दारात आडव्या चपला टाकल्याबद्दल.”

मी हसत ‘नाही’ निवडलं. मांडीवर माझं बाळ होतं, दहा महिन्यांचं पिल्लू. त्याला लॅपटॉपची एक तरी कळ तोंडात हवीच होती. एका हाताने त्याचे दोन्ही हात धरायचे आणि दुसऱ्या हाताने फॉर्म भरायचा, असं अर्धा तास चाललं होतं.

पप्पा बत्तीस वर्षं बाप्तिस्ट मंडळीचे पाळक आहेत. दरवर्षी या महिन्यात मंडळ्यांच्या संघाकडे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी असेल तर व्यासपीठ, लग्नं लावणं, प्रभुभोजन, आणि चर्चच्या आवारातलं हे तीन खोल्यांचं घर. नसेल तर यातलं काही नाही. पण नसण्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता. पप्पा दरवर्षी फॉर्म स्वतः भरायचे. कागदावर होता तेव्हा शाईने, आणि संगणकावर आला तेव्हा एका बोटाने. या वर्षी मात्र मला फोन आला, “वेबसाइट बदलली आहे, जरा येऊन जा.” आज शेवटची तारीख होती. पाचपर्यंत वेळ, आणि साडेतीन वाजून गेले होते.

“नऊ,” मी वाचलं. “सेवा बजावत असताना तुमच्या हातून कुणाच्या जिवाला धोका पोहोचेल असा प्रसंग घडला आहे का?” आणि वाचता वाचताच बाण ‘नाही’कडे नेला.

“थांब. ‘हो’ कर.”

मला वाटलं पप्पा गंमत करताहेत. मी वळून पाहिलं. ते खिडकीपाशी उभे होते, उजवा हात खिशात घालून.

“पप्पा, जिवाला धोका म्हणतात ते.”

“कळलं मला. ‘हो’ कर.”

“पण कुणाच्या?”

“तुझ्या,” पप्पा म्हणाले.

पिल्लाने तेवढ्यात एक हात सोडवून घेतला आणि पडद्यावर फटकन मारला. मी तो धरलाही नाही.

आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. कळत्या वयात ज्याने त्याने स्वतः मागायचा आणि पूर्ण पाण्याखाली जायचं. पाळकाची मुलगी असून मी तो मागायला एकोणतीस वर्षं लावली. कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं. पप्पांनी एकदाही विषय काढला नाही. मंडळीतल्या बायकाच मम्मीला विचारायच्या, “तुमच्या लेकीचं अजून ठरतच आहे का?” मग पिल्लू झालं. एका दुपारी त्याला आंघोळ घालताना काय झालं सांगता येत नाही, पण मी ओल्या हातांनीच पप्पांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “रविवारी चर्चमधलं कुंड भरून ठेवतो.”

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. कुंडात कमरेएवढ्या पाण्यात मी छातीवर हात जोडून उभी. पप्पांचा डावा हात माझ्या हातांवर, उजवा मानेमागे. त्यांनी मला मागे झुकवलं आणि पाणी कानांवर आलं. आत गाण्याचा आवाज लांब, जाड झाला. मी वाट पाहिली. हात मला वर आणेना. मी अजून वाट पाहिली. मला भीती वाटली नाही. उलट वाटलं, पप्पांना मला सोडवत नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हाती आलंय, तर जरा धरून ठेवताहेत. मग मी वर आले. नाकातोंडात पाणी, समोर पप्पांचा चेहरा, आणि तो पार भिजलेला.

हे मी नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीला लिहिलं. पुढच्या रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभी राहिले तेव्हा सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, ‘माझ्या वडिलांनी मला पाण्याखाली जरा जास्त वेळ धरलं, आणि देव मला कसा धरतो ते मला कळलं.’ मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नर्सबाई रडल्या होत्या.

“पाण्यात हात गेला माझा,” पप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. “उजवा. होता तिथेच, पण माझा राहिला नाही. उचल म्हटलं तर उचलेना.”

“मग दुसऱ्या हाताने...”

“एका हाताने होत नाही. ओढून पाहिलं.”

“ओरडायचं ना पप्पा!”

“आवाज फुटला नाही.”

मम्मी दारात येऊन उभी राहिली होती. हातात पुसायचं फडकं. “मला तर म्हणालात मुंग्या येतात म्हणून,” ती म्हणाली. “डॉक्टरकडे गेलात तेव्हाही मुंग्याच म्हणालात.”

“मुंग्याही येतात.”

“अहो, मी तिथे उभी होते! लेकरू कडेवर घेऊन मी तिथे उभी होते!”

मला मात्र एकच गोष्ट सुचत होती, आणि ती मी लहान मुलासारखी पुन्हा पुन्हा विचारली. “पण मी वर आले ना? तुम्हीच आणलंत ना मला वर?”

“नाही गं,” पप्पा म्हणाले. “तुझे पाय तळाला लागले. तू स्वतः उठलीस.”

मी आठवून पाहिलं. आणि आठवलं. फरशीचा गुळगुळीतपणा, टाचा, गुडघ्यांतली ताकद. तीन महिने ते माझ्या अंगात होतं आणि मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

“मग मला साक्ष का देऊ दिलीत?” माझा आवाज एवढा चढला की पिल्लू दचकलं आणि ओठ काढून रडायच्या बेतात आलं. “व्यासपीठावर बसून ऐकत होता तुम्ही! सगळं ऐकत होता!”

“त्या दिवशी सांगणार होतो. तू आधी बोललीस.”

बेल वाजली. घड्याळकाका. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि पप्पांचं प्रवचन पस्तीस मिनिटांच्या पुढे गेलं की मनगट वर करून दाखवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. मंडळीचे सचिव तेच. फॉर्म भरून झाला की त्यांच्या फोनवर सहा आकडे येतात. ते सांगितले की मंडळीची संमती झाली असं समजायचं.

“चला, आटपा, दुकान उघडं टाकून आलोय,” म्हणत ते खुर्चीत बसले. मग आमच्या तोंडांकडे पाहिलं. “कोण गेलं?”

“नवव्या प्रश्नाला ‘हो’ लिहितोय,” पप्पा म्हणाले.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून प्रश्न वाचला आणि सावकाश मागे टेकले. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या ते लक्षात आलं. मम्मीच्याही आलं.

“तुम्हाला माहीत होतं?” मम्मीने विचारलं.

“वहिनी...”

“होतं का?”

“चौदा सेकंद,” काका माझ्याकडे न बघता म्हणाले. “एरवी दोन लागतात. सवय हो, दुसरं काय. मोजलं जातं.”

पिल्लू लॅपटॉपच्या कडेला दात लावून बसलं होतं. चौदा. मी मनात मोजायला लागले आणि सहावर थांबले. पुढे जाववेना.

“पाळकसाहेब, माझं ऐका,” काका पुढे सरकले. “हे फॉर्म तिकडे कोण वाचतंय? ‘नाही’ लिहा. पुढच्या वेळी तुमच्याबरोबर मी उतरतो पाण्यात. चालतं की, दोघांनी केलं तर. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“पुढच्या वेळी कोण आहे माहीत आहे ना?”

माहीत होतं आम्हाला. नर्सबाई. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. माझी साक्ष ऐकून त्यांनी बाप्तिस्मा मागितला होता.

“त्यांचे पाय लागले तळाला तरी त्या उठणार नाहीत,” पप्पा म्हणाले.

“म्हणूनच म्हणतो ना, मी असेन!”

“त्या दिवशीही तुम्ही होतात. चार पावलांवर.”

मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा काका विनाकारण सैल करून परत आवळत राहिले. पप्पांना असं लागेलसं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच लागलं असावं, कारण ते पुढे आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. उजवाच. तो तिथे थरथरत राहिला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

“मी पाण्यात होतो आणि मलाही काही करता आलं नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला काय बोलू?”

“घर जाईल हो,” काका अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

“जाईल कदाचित.”

मम्मी फडक्याची घडी घालत होती. घातलेली मोडून परत घालत होती. “आमच्या हॉलमध्ये राहा तुम्ही दोघं,” मी म्हणाले. ते किती बावळटासारखं होतं ते म्हटल्यावर कळलं. मम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि पिल्लाला हात पसरले. “दे त्याला इकडे. तू लिही.”

“मम्मी...”

“लिही म्हणते ना. ‘नाही’ लिहिलं आणि नर्सबाईंचं काही झालं, तर मी यांच्या पानात कुठल्या तोंडाने वाढू?”

‘हो’ निवडल्यावर खाली एक चौकोन उघडला. ‘तपशील द्या. कमाल तीनशे अक्षरे.’

“तीनशे अक्षरांत पाळकसाहेब!” काकांच्या तोंडून निघून गेलं. मम्मी हसली आणि हसता हसताच तोंड फिरवून उभी राहिली.

पप्पांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहू लागले. ‘अमुक तारखेला बाप्तिस्मा देताना माझ्या उजव्या हातातली शक्ती गेली. उमेदवार स्त्री चौदा सेकंद पाण्याखाली राहिली. ती स्वतः उठली. मी तिला वर आणले नाही. ही गोष्ट मी तीन महिने सांगितली नाही.’ ‘उमेदवार स्त्री’ लिहिताना मी थांबले. पप्पा म्हणाले, “तसंच असू दे. तिथे तू माझी मुलगी नव्हतीस.” थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे होतीस. पण लिहू नकोस.”

अक्षरं उरली होती. पप्पांना आणखी काही सुचलं नाही.

साडेचारला काकांचा फोन वाजला. सहा आकडे आले होते. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, चष्म्याला नावं ठेवली. मग एकेक आकडा वाचला, प्रत्येकाच्या मध्ये एवढं थांबून की मला वाटलं, आता पुढचा सांगणारच नाहीत. सहावा सांगितला आणि उठून चहा न घेता गेले.

पडद्यावर हिरवी पट्टी आली. ‘आपला अर्ज मिळाला. नवव्या प्रश्नाच्या उत्तरामुळे आपली नोंदणी तपासणी होईपर्यंत स्थगित राहील. या काळात आपण पाळक म्हणून कोणतीही सेवा बजावू नये. धन्यवाद.’ मी मोठ्याने वाचलं, धन्यवादासकट.

पप्पा बसले. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून त्या पट्टीकडे बघत होतो. मला त्यांच्यावर राग होता, अजूनही आहे थोडा. पण मी त्यांचा उजवा हात उचलून माझ्या मांडीवर घेतला. किती जड होता.

रविवारी शेजारच्या गावचे तरुण पाळक आले. पप्पा आमच्याबरोबर आत शिरले आणि दाराशीच अडले. बत्तीस वर्षांत ते बाकावर बसलेच नव्हते. कुठे बसायचं ते त्यांना कळेना. नर्सबाईंनी पिशवी उचलून जागा केली. एका बाजूला त्या, एका बाजूला मी, मध्ये पप्पा, त्यांच्या मांडीवर पिल्लू. मी एक हात पिल्लामागे धरून ठेवला होता. पप्पांनी तो पाहिला आणि राहू दिला.

गाणं सुरू झालं. पप्पा गात नव्हते. ते मान वर करून व्यासपीठामागच्या भिंतीकडे टक लावून बघत होते. मग माझ्या कानाशी वाकले.

“वर किती ओल आली आहे गं. केव्हापासून?”

“झाली की पाच-सहा वर्षं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुमच्या पाठीमागे होती पप्पा,” मी म्हणाले.

ते पुन्हा भिंतीकडे पाहू लागले, आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्यांबरोबर उभे राहिले.