विहीणबाईंचं मिटलेलं तोंड

आमचे हे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचे. जन्मभर लोकांच्या बत्तीशीशी खेळले, निवृत्त झाल्यावर तरी स्वस्थ बसतील, तर नाव नको. गॅलरीत जुनं टेबल मांडलं, चाकू आणि पटाशी आणली आणि लाकडातून माणसं कोरायला लागले. तीही सरळ नाहीत. ज्याचं नाक मोठं त्याचं आणखी मोठं, ज्याचं पोट सुटलेलं त्याचं पायांच्याही पुढे. सगळी वीतभर उंचीची आणि सगळी आमच्या ओळखीची.

इतर लोक म्हणे नाकापासून सुरुवात करतात. हे जबड्यापासून करतात. शिवाय वाकडे दात कोरायला ह्यांचा हात धजत नाही. आमच्या दूधवाल्याच्या तोंडात औषधालाही दात उरलेला नाही. ह्यांनी त्याला जाहिरातीत शोभेल अशी बत्तीशी बहाल केली. बाहुला निरखून तो म्हणाला, "झकास! पण हा कोण?"

तेव्हा लेकीचं लग्न अडलं होतं. मुलगा तिनेच पसंत केलेला, सोन्यासारखा. पण आईने त्याला एकटीने वाढवलेलं. ती मनापासून हो म्हटल्याशिवाय तो पुढे पाऊल टाकणार नव्हता. त्या बाई आमच्याकडे येऊन गेल्या त्या हनुवटी वर करून, ओठ गच्च मिटून. मी केलेल्या खाण्याला हात लावला नाही. एकदाही हसल्या नाहीत. निघताना लेकीने धीर करून विचारलं, तर उत्तर काय, "बघू." पोरीचं जेवणावरचं लक्षच उडालं. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"शिष्ट बाई," मी म्हणाले. हे उठून गॅलरीत जाऊन बसले.

थोड्या दिवसांनी पाहते तर टेबलावर साक्षात त्या उभ्या! हनुवटी आभाळाला, पर्स छातीशी, आणि तोंड नाडी ओढलेल्या पिशवीसारखं आवळलेलं. ह्यांच्या हातून दात न दिसणारी ही पहिलीच मूर्ती.

"अहो, उद्या त्या पुन्हा यायच्या आहेत! पोरीचं लग्न मोडायचंय का?"

"दिसलं ते कोरलं," हे म्हणाले.

मी ती उचलली आणि दिसेल त्या कपाटात कोंबली. घाईत कपाट निवडलं तेही कोणतं, तर पाहुण्यांच्या कपांचं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या. लेकीने कप काढायला कपाट उघडलं आणि बाहुली गडगडत त्यांच्या पायाशी आली. त्यांनी ती उचलली, फिरवून फिरवून पाहिली. लेक रडायच्या बेतात होती.

"ही मी?"

हे त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "कवळी टोचते ना? डावीकडे, खाली?"

त्यांचा हात गालावर गेला. "घरात कुणाला सांगितलं नाही," त्या ओठ न हलवता पुटपुटल्या. "मुलालासुद्धा नाही. उगाच खर्चात पडेल."

मग त्या आत जाऊन रुमालात गुंडाळून कवळी घेऊन आल्या. ह्यांनी गॅलरीत बसून तिची कड बारीक कानशीने घासली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासली. तोवर आम्ही तिघी खाली माना घालून बसलो होतो.

कवळी बसवून त्यांनी आधी मी पुढे केलेल्या ताटलीतलं बिस्कीट उचललं. कडकन तोडलं. दुसरं घेतलं. मग लेकीकडे पाहून अशा हसल्या की बाई किती देखण्या आहेत ते मला तेव्हा कळलं.

"अगं, तेव्हाच हो म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं की कळ मस्तकात जायची. कसंबसं 'बघू' म्हटलं आणि सुटले."

लेक त्यांच्या गळ्यात पडली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही मी नेणार," बाहुली पर्सपाशी धरून विहीणबाई ह्यांना म्हणाल्या. "पण आता हिचंही तोंड उघडून द्या."

"देतो की. लाकडात मिटलेलं तोंड कधीही उघडता येतं," हे म्हणाले आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. "उघडलेलं मिटवता येत नाही."

एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी मुकाट्याने चहा गाळायला गेले.