डीफ्रॉस्टचं घड्याळ

सदाशिवराव दिवसाकाठी किती बोलत, हे कोणी टिपून ठेवलं असतं तर अर्धं पोस्टकार्ड कोरंच राहिलं असतं. सकाळी मालकाला "आलो", गिऱ्हाइकाला "लेमन संपलं", संध्याकाळी कुलपाला काहीच नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. यवतमाळच्या मोटारस्टँडसमोरचं नंदकिशोरचं आइस्क्रीमचं दुकान ते सांभाळत, आणि दुकानातला मोठा फ्रीजर त्यांना सांभाळे.

एकोणीसशे एकसष्टच्या होळीला त्या फ्रीजरचं डीफ्रॉस्टचं घड्याळ जळालं. ठरल्या वेळी मशीन थांबवून आत साचलेला बर्फ वितळवायचा, एवढंच त्याचं काम. सोबत बर्फ वितळवणारा हीटरही गेला.

"नागपूरच्या एजंटाला लिहा, काका. तोवर हातानं काढा," नंदकिशोर म्हणाला.

म्हणून रोज दुपारी तीनला बटण बंद करून सदाशिवराव लाकडी उलथन्याने बर्फ खरवडू लागले. पहिल्या दिवशी ते मागच्या दारी बर्फाचा भुगा फेकत असताना मोळी विकून तांड्याकडे परतणारी एक बाई थबकली.

"फेकून काहून राह्यले, बाबू? इकडं द्या. तळपाय भाजून राह्यले."

ती पायरीवर टेकली, तळव्यांना भुगा चोळत बोलत राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच. दारव्ह्याच्या जावयाचं दारू सोडणं नि धरणं, तांड्यातली भांडणं, जमनी नावाची तिची चोरटी शेळी, सदाशिवरावांना सगळं पाठ झालं. तेही बोलू लागले. एकदा तर त्यांनी विनोद केला, आणि ती हसलीसुद्धा.

नागपूरला पहिलं पत्र त्यांनी घड्याळ जळालं त्याच दिवशी टाकलं होतं. दुसरं आठवड्याने. तिसरं कोटाच्या खिशात अकरा दिवस फिरलं.

तरी मेअखेरीस पार्सल आलंच, पाठोपाठ मिस्त्री नेमसिंग. नवे पार्ट बसवून तो म्हणाला, "रातच्या दोनले लावतो. गिऱ्हाईक नसते."

"दुपारी तीनला लावा."

"भर उन्हात? कायले?"

"तेव्हा मी असतो."

"रातचं तुमचं कामच नाही ना, काका! ते आपोआप होते." पण नेमसिंगने तीनला लावलं.

तीनला खट् झालं. हीटर तापला आणि सगळा बर्फ नळीवाटे ट्रेमध्ये पाणी होऊन उतरला. सदाशिवरावांनी तो मागच्या दारी आणला, तेव्हा रोजच्यासारख्या आलेल्या बाईने त्यात बोट बुडवलं.

"हे तं कोमट हाय, बाबू."

"नवे पार्ट बसवले आज."

"चांगलं झालं! तुमची कटकट गेली." ती मनापासून म्हणाली आणि पायरीवर न टेकताच निघाली.

"बसा" म्हणायची सदाशिवरावांना सवयच नव्हती. आजवर ते काम बर्फाने केलं होतं.

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी गार पाण्याचा तांब्या भरून ठेवला. तीनच्या सुमारास ती रस्त्यापलीकडून निंबांच्या सावलीने झपझप जाताना दिसली. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की जवळजवळ तीन महिन्यांत तिचं नाव विचारायचंच राहिलं. तिच्या घरचं एकच नाव त्यांना ठाऊक होतं, ते शेळीचं. बावन्न वर्षांच्या माणसाने भर स्टँडवर शेळीच्या नावाने हाक कशी मारायची?

"ओ बाई!"

तीन बाया वळल्या. ती चौथी होती, तशीच पुढे गेली.

आत खट् झालं. थोड्या वेळाने ट्रे भरेल, तो ओतायला हवा, म्हणून ते आत गेले.